मातीतलं ॲस्बेस्टॉस तपासून घेतलं, त्या लॅबबद्दल

आधी निकाल सांगून टाकते: पाचपैकी चार तारे. एक कापला तो उशिराबद्दल आणि इंग्रजीत छापलेल्या सूचनापत्रकाबद्दल. कामाबद्दल कापण्यासारखं काही हाती लागलं नाही, आणि लागावं म्हणून मी थोडा आगाऊपणाही केला होता, तो पुढे सांगते.

लॅब पुण्याकडची, खासगी. नाव लिहीत नाही. तुलनेसाठी दुसऱ्या एका लॅबची हकिकत सांगायची आहे, आणि तिचं नाव घेऊन भांडण अंगावर ओढून घ्यायची माझी तयारी नाही. मग एकीचं लिहायचं आणि एकीचं झाकायचं हे बरं दिसत नाही.

मी कोण ते सांगते, म्हणजे एवढा खटाटोप कशाला केला ते कळेल. सांगलीजवळ हरिपूरला आमची रोपवाटिका आहे. गुलाब, मोगरा, कढीपत्ता, शेवगा, हल्ली ते ॲडेनियम. पण खरा गल्ला जमतो तो कुंडीत भरायच्या तयार मातीवर. पाच किलोची पिशवी. विश्रामबागेतल्या, मिरजेतल्या फ्लॅटमधल्या बायका नेतात, गॅलरीत पेपर पसरून हातानं कालवतात, शेजारी पोरगं पळी घेऊन बसलेलं असतं. शेतात कुणी माती नाकाजवळ धरत नाही. गॅलरीत धरतात.

आमच्या मिश्रणात पोयट्याची माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं व्हर्मिक्युलाईट (फुगवलेलं हलकं खनिज) असतं. पोयटा नेहमीच्या माणसाकडून येतो. त्याच्याकडे तुटवडा होता तेव्हा दुसऱ्याकडून मागवला. ट्रॉली रिकामी झाली, गडी चाळायला बसला आणि चाळणीवर राखाडी रंगाचे चपटे तुकडे उरायला लागले. काहींना लाटेसारखा बाक. तुटलेल्या कडेवर कापसासारखे बारीक धागे. गडी म्हणाला, "काकू, पत्र्याचं तुकडं हायती, गोठ्यावरच्या. निवडून टाकतो." टाकले असते निवडून, चाळून माती भरलीही असती. आमचा पुतण्या केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालाय, तो नेमका तिथं होता. त्यानं आधी चाळणीच बंद करायला लावली आणि ढिगावर पाणी मारलं.

सिमेंटचा पत्रा म्हणतो तो आपल्याकडे बहुतेक ॲस्बेस्टॉस सिमेंटचा. साधारण १० ते १५ टक्के पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल नावाचं धागेदार खनिज, आणि बाकी सिमेंट. आपल्या देशात खाणीतून ते काढणं बंद झालंय, पण रशिया, कझाकस्तानकडून आयात चालू आहे आणि पत्रे राजरोस विकले जातात. छपरावर धड असेपर्यंत धागे सिमेंटमध्ये अडकलेले असतात. फुटला, तुडवला, ट्रॅक्टरखाली भरडला की मोकळे होतात. धागा फुप्फुसात गेला की तिथंच राहतो, आणि त्याचा आजार वीस-चाळीस वर्षांनी उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात घातलेत, ज्यानं माणसाला कर्करोग होतो हे ठरलेलं आहे अशा गोष्टींचा तो गट. पांढरं म्हणजे सौम्य असतं, असं सांगणारे भेटतात. भेटू द्यात.

पत्रे मातीत आले कसे, हे सांगलीकराला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गोठे बसले, भिंती बसल्या, छपरं खाली आली. जेसीबीनं सगळं एकत्र लोटलं, कुठल्या तरी खड्ड्यात भराव म्हणून गेलं, २०२१ च्या पुरात वर आणखी गाळाचा थर बसला, आणि आता तोच थर कुणीतरी पोयटा म्हणून विकतो. विकणाऱ्यालाही खाली काय आहे ते ठाऊक नसणार. विचारलं तर म्हणाला, "वहिनी, नदीची माती हाय, सोनं हाय." असेल.

आता लॅब शोधण्याचा भाग. माती परीक्षण म्हटलं की आपल्याकडे सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात, त्यात धागा कुठंच नाही, असायचं कारणही नाही. पहिल्यांदा जी लॅब मिळाली ती सगळंच करणारी होती: पाणी, दूध, सिमेंट, माती. त्यांनी नमुना घेतला, एक्सआरडी यंत्रावर लावला, आणि एका ओळीचा रिपोर्ट दिला: ॲस्बेस्टॉस आढळले नाही. शिक्का, सही, एवढंच. डोळ्यांना पत्र्याचे तुकडे दिसत होते त्याच ढिगातला नमुना! फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, मशीनला दिसलं नाही म्हणजे नाही. किती असलं म्हणजे मशीनला दिसतं, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि "सरांना विचारून सांगतो" म्हणाला. सरांचा फोन काही आला नाही.

पुढचं मला पुण्याच्या लॅबमधल्या मॅडमनी समजावलं. एक्सआरडी क्ष-किरण टाकून खनिजाच्या स्फटिकाची ठेवण ओळखतं. पण साध्या मोजणीत साधारण एक टक्क्याच्या खाली त्याला ॲस्बेस्टॉस ओळखणं जड जातं. त्यातून आपल्या लालसर मुरमाड मातीत केओलिनाइटसारखी चिकणमातीची खनिजं असतात, त्यांची खूण क्रिसोटाइलच्या खुणेला इतकी लागून येते की थोडंसं क्रिसोटाइल तिच्या आड बुडून जातं. आणि दिसलं तरी ते धाग्याच्या रूपात आहे की त्याच जातीच्या साध्या बिनधाग्याच्या खनिजाच्या, हे एक्सआरडी सांगत नाही. यंत्र वाईट नाही. या कामाला ते एकटं पुरत नाही.

एक टक्का म्हणजे किती, हे मी माझ्या पिशवीत मोजलं. पाच किलोच्या पिशवीत ५० ग्रॅम. एवढं असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. हा एक टक्का आला कुठून, तर १९७३ च्या अमेरिकेतल्या एका नियमातून, आणि तो इमारतीत फवारायच्या मालासाठी होता. माणसाला किती बाधतं ते मोजून कुणी तो आकडा काढला नव्हता, मातीसाठी तर नव्हताच. पुढे सगळ्यांनी उचलला. १९८८ मध्ये एडिंबराच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं मातीत मुद्दाम ॲस्बेस्टॉस मिसळून धूळ उडवून बघितली. माती कोरडी असली तर ०.००१ टक्क्यालाही हवेत दर मिलिलिटरला ०.१ धाग्याच्या वर आकडा जाऊ शकतो, असं त्यात दिसलं. अमेरिकेत कामगारांसाठी हवेतली मर्यादा तेवढीच आहे, ०.१. ऑस्ट्रेलियात पश्चिमेकडच्या राज्याच्या आरोग्य खात्यानं मातीतल्या मोकळ्या, भुसभुशीत ॲस्बेस्टॉससाठी ०.००१ टक्का हीच रेघ ओढली आहे. माझ्या पिशवीत ते ५० मिलिग्रॅम होतं. कमी वाटतं ना? मॅडमनी कागदावर हिशेब करून दाखवला: दहा मायक्रॉन लांब, अर्धा मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असा धागा धरला तर एका मिलिग्रॅममध्ये वीस कोटी धागे बसतात.

म्हणून माझं या सगळ्या प्रकारच्या सेवेबद्दल एकच म्हणणं आहे. ज्या लॅबच्या रिपोर्टवर किती खालपर्यंत बघितलं तो आकडा छापलेला नाही, तिला एक रुपया देऊ नका. भाव विचारायच्या आधी तो आकडा विचारा.

पुण्याच्या लॅबनं तो मी विचारायच्या आधी सांगितला. दरपत्रकावरच तीन पायऱ्या होत्या. पहिली, सूक्ष्मदर्शकाखाली नजरेनं अंदाज, साधारण एक टक्का. दुसरी, ४०० बिंदू मोजणं, म्हणजे स्लाइडवरच्या ४०० ठिपक्यांपैकी किती ठिकाणी धागा येतो ते बघणं. तिसरी, माती जाळून-धुऊन, निवडून, वजन करून आणि मग सूक्ष्मदर्शक, ०.०१ टक्क्यापर्यंत. त्याच्याखाली जायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, तो त्यांच्याकडे नाही, बाहेर पाठवतात, पैसे वेगळे. मी तिसरी घेतली. एका नमुन्याला चार आकडी रक्कम, वर जीएसटी. शेतकी परीक्षणाच्या मानानं डोळे पांढरे होतात, पण त्या कामाला माणूस किती वेळ बसतो ते बघितल्यावर मी भावाबद्दल बोलायचं सोडलं.

दुसरी पायरी का घेतली नाही तेही सांगते, कारण बरेच जण तिथंच थांबतात. ४०० बिंदूंपैकी एका बिंदूवर धागा आला तर उत्तर ०.२५ टक्के. एकही आला नाही तर? लोक म्हणतात शून्य. मॅडम म्हणाल्या, शून्य आलं तरी खरा आकडा पाऊण टक्क्यापर्यंत असू शकतो, त्याच्याखालीच आहे असं शंभरातल्या पंच्याण्णव वेळा म्हणता येतं, बस. शून्य आलं की तीन भागिले मोजलेले बिंदू, असा ठोकताळा आहे म्हणे: तीन भागिले चारशे. पुतण्यानं लगेच मान डोलावली, मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर केलं. खरंच पाऊण येतं.

नमुना कसा घ्यायचा याचं पत्रक आलं, ते चार पानी आणि पूर्ण इंग्रजी. हा माझा मोठा राग आहे. सांगली-साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून गिऱ्हाईक येणार, नमुना शेवटी गडीच घेणार, आणि सूचना इंग्रजीत? पुतण्या होता म्हणून निभावलं. मजकूर मात्र चोख होता. आपण शेतकी नमुना घेतो तसा व्ही आकाराचा खड्डा, ठिकठिकाणची माती एकत्र, मग ढीग चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, इथपर्यंत ओळखीचं. पुढे मात्र उलटं. शेतकी नमुना सावलीत वाळवतात, कुटतात, चाळतात. इथं वाळवायचं नाही, कुटायचं तर अजिबात नाही. आधी माती ओली करायची, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकायचे म्हणजे पाणी आत मुरतं, दुहेरी झिपची पिशवी, बाहेरून ओल्या फडक्यानं पुसायची. कापडी मास्क चालत नाही, नीट बसणारा गाळणीचा लागतो. झाडू वापरायचा नाही. हे शेवटचं वाचून आमच्या घरात बराच वेळ शांतता होती, कारण झाडू हातात घेऊनच जाऊबाई उभ्या होत्या.

माती जास्त का मागतात हे मला आधी कळेना. प्रत्येक नमुन्याला अर्धा लिटर भरून. सूक्ष्मदर्शकाखाली तर चिमूटभर जाणार. पण धागे मातीत सारखे पसरलेले नसतात, गुंतावळ्यात असतात. शिऱ्यात बेदाणे कमी असले तर एका चमच्यात एकही येत नाही, तेवढ्यावरून कढईत नाहीत असं म्हणता येत नाही. त्यामुळे मोठा नमुना घेऊन आधी मोठे तुकडे चाळून हातानं निवडतात, त्यांचं वजन करतात, आणि खालच्या बारीक मातीचा वेगळा हिशेब ठेवतात. तुकडा आणि मोकळा धागा एकाच आकड्यात कोंबत नाहीत. हे मला फार पटलं. तुकडा उचलून टाकता येतो.

आगाऊपणा असा केला. पाठवायचे नमुने होते ढिगाचे, व्हर्मिक्युलाईटचे आणि नेहमीच्या पोयट्याचे. ढिगाचा नमुना मी दोन पिशव्यांत वाटला आणि वेगळी नावं घातली, जशा काही दोन जागा आहेत. आणि एक पिशवी घातली पेवाच्या मातीची. हरिपूरची हळदीची पेवं ऐकून असाल. जमिनीत खोल खणलेले मोठे हंडे म्हणा, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, ही माती तशी होती म्हणून. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. आमच्या हद्दीत एका ढासळलेल्या पेवाची कड आहे, तिथं आत खोलवरची माती मिळते, जिथं पत्रा पोचायचा संबंधच नाही. तिला नाव दिलं "शेड मागची बाजू". बघू काय काढतात.

नमुने एसटीनं हाती नेऊन दिले. कुरियरवाला विचारतो आत काय आहे, खरं सांगितलं की घेत नाही. लॅबमध्ये मॅडमनी बसवून घेतलं आणि काम दाखवलं, हे मला अपेक्षित नव्हतं. आपल्याकडे लॅब म्हटलं की काच आणि काचेपलीकडे पाठ.

माझ्या मिश्रणानं त्यांना छळलं, हे त्यांनी हसत सांगितलं. कोकोपीट म्हणजे धागेच. गोणपाटाचे धागे, मुळांचे केस, बुरशीचे तंतू. नजरेला सगळं एकसारखं. म्हणून आधी माती भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास जाळतात. सेंद्रिय ते जळून जातं, ॲस्बेस्टॉस तसंच राहतं. सहाशेच्या पुढे गेलं तर क्रिसोटाइलही मोडतं, म्हणून भट्टीवर लक्ष. मग हायड्रोक्लोरिक आम्लात चुना काढतात. आपल्या मातीत चुनखडी भरपूर, फसफसून वर येतं. काळ्या मातीची चिकणाई धाग्यांना गोळा करून धरते, ती सुटी करायला वेगळा फॉस्फेटचा द्रव. हे सगळं झालं की उरलेल्या थोड्या मातीत धागे मूळच्या मानानं दाट होतात, म्हणून खालपर्यंत दिसतं. युक्ती एवढीच आहे. मेहनत बरीच आहे.

मग सूक्ष्मदर्शक. साधा नव्हे, ध्रुवीकृत प्रकाशाचा, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाचा. धागा १.५५० वक्रीभवनांकाच्या (तेल प्रकाश किती वाकवतं त्याचा आकडा) तेलात बुडवतात, आणि क्रिसोटाइल असेल तर स्लाइड ठेवायची चकती एका बाजूला धरली की जांभळट-गुलाबी दिसतो, काटकोनात फिरवली की निळा. मॅडमनी उठून मला बसवलं. मी चकती फिरवली आणि धागा माझ्या डोळ्यांसमोर रंग बदलला. शेजारी एक मुळाचा केस पडला होता, जळायचा राहिलेला, तो ढिम्म. एवढं बघितल्यावर मला त्यांच्या रिपोर्टबद्दल शंका उरली नाही. पण त्यांनीच लगेच सांगितलं की याच्याही मर्यादा आहेत. क्रिसोटाइलचा सुटा तंतू एका मायक्रॉनच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाइतका बारीक असतो, प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसूच शकत नाही. दिसतात ते जुडगे. सुटे बघायचे तर इलेक्ट्रॉनचा. आपली उणीव विचारल्याशिवाय सांगणारा दुकानदार मी सांगलीच्या बाजारपेठेत फार पाहिला नाही.

व्हर्मिक्युलाईटबद्दल मी धास्तावले होते ते पुतण्यामुळे. अमेरिकेत माँटानात लिबी नावाचं गाव आहे, तिथल्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाईटमध्ये दुसऱ्या जातीचं, ॲम्फिबोल गटातलं ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण १९९० ला बंद झाली, पण गावात माणसं मरत राहिली आणि २००९ मध्ये तिथं सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. तिथला माल बागकामाच्या पिशव्यांतूनही गेला होता. आपल्याकडचं व्हर्मिक्युलाईट तामिळनाडू-आंध्रातलं, खाण वेगळी, पण म्हणून सोडायचं कशाला? लॅबनं ते पाण्यात टाकलं. फुगलेलं व्हर्मिक्युलाईट तरंगतं, जड खनिज तळाला बसतं. तळाचा गाळ घेऊन तो वेगळ्या, जास्त वक्रीभवनांकाच्या तेलात तपासला. एकच तेल वापरून भागवलं असतं तर हे धागे रंगावरून ओळखता आले नसते. मी विचारलं नव्हतं. त्यांनी केलं.

रिपोर्ट सांगितल्यापेक्षा बराच उशिरा आला. बरोबर त्याच काळात पावसाआधीची विक्री असते, ढीग ताडपत्रीखाली, गिऱ्हाईक परत जातंय. फोनवर दर वेळी "भट्टीत आहे" ऐकून आमचे हे शेवटी म्हणाले, विटा भाजतायत का? तारा इथं गेला.

पण रिपोर्ट बघून राग ओसरला. प्रत्येक नमुन्याला वेगळं पान. किती माती घेतली, जाळून किती उरली, आम्लानंतर किती उरली, किती स्लाइड बघितल्या, कोणतं तेल, आणि ठळक अक्षरांत नोंदीची मर्यादा ०.०१ टक्का. ढिगाच्या दोन्ही पिशव्यांत मोठ्या तुकड्यांत सिमेंटमध्ये बांधलेलं क्रिसोटाइल, तुकड्यांचं वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं. बारीक मातीत क्रिसोटाइलचे सुटे जुडगे आढळले, प्रमाण ०.०१ टक्क्याच्या खाली, म्हणजे मोजण्याइतकं नाही पण आहे. दोन्ही पिशव्यांचं उत्तर जुळलं. पेवाच्या मातीत नाही. व्हर्मिक्युलाईटमध्ये नाही, नेहमीच्या पोयट्यात नाही, आणि त्या प्रत्येक "नाही"पुढे मर्यादेचा आकडा. नंतर मी मॅडमना पिशव्यांचं खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, असं सगळ्यांनी करावं, आम्हीही आतल्या आत करतो, कोरा नमुना दर वेळी बरोबर चालवतो. मग रिपोर्टचं शेवटचं पान दाखवलं, तिथं कोऱ्या नमुन्याची नोंद होती. मी वाचलं नव्हतं तिथपर्यंत.

एक्सआरडीवाल्यांचं कोरं उत्तर आणि हे उत्तर, दोन्ही एकाच ढिगाची. खोटं कुणीच बोललं नाही, हीच त्यातली गंमत आहे आणि हाच त्यातला धोका.

लॅबनं एक गोष्ट केली नाही, आणि ती त्यांनी करायला हवी होती. आता ढिगाचं काय करायचं हे रिपोर्टमध्ये नाही. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही तपासतो, सल्ला देत नाही. त्यांची अडचण समजते, पण निदान पुढचा पत्ता तरी छापा. घातक कचऱ्याचं केंद्र रांजणगावला आहे, हे मला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात चौकशी करून कळलं. ट्रॉलीभर मातीसाठी तिथवर गाडी करायची म्हणजे मातीच्या किमतीच्या कितीतरी पट. सध्या ढीग ओला करून, जाड प्लॅस्टिकखाली, कुंपण घालून ठेवलाय, आणि विकणाऱ्याला रिपोर्टची झेरॉक्स दिली आहे. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, दुसरीकडून आणून देतो. नको म्हटलं.

ही सेवा कुणी घ्यावी? घर बांधायला प्लॉट घेतलाय आणि भराव कुठला ते माहीत नाही, शाळेच्या मैदानावर माती टाकून घेताय, माझ्यासारखी माती विकताय, तर घ्या, आणि तिसरीच पायरी घ्या. शेतात एखादा पत्र्याचा तुकडा दिसला म्हणून घेऊ नका. तुकडा ओला करून उचला, दुहेरी पिशवीत बांधा, कुणाला फोडू देऊ नका, तेवढं पुरे. डोळ्याला दिसतंय ते सिद्ध करायला पैसे घालवण्यात अर्थ नाही. पैसे जातात ते न दिसणाऱ्यासाठी.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं मी केलं नाही. ढिगाचं उत्तर त्याशिवायच मिळालं होतं, ती माती विकायची नाही हे ठरलं होतं. व्हर्मिक्युलाईटसाठी करावं का, हा विचार अजून चालू आहे. नवीन बॅच येईल तेव्हा बघू.

काही बारीकसारीक: पैसे आगाऊ घेतात, यूपीआय चालतं. नमुना परत देत नाहीत, त्यांच्याकडेच नष्ट करतात आणि त्याचं दरपत्रकात धरलेलं असतं. दुपारी दोन ते तीन जेवणाची सुट्टी, तेव्हा पोचू नका, बाहेर बसायला जागा नाही. रिपोर्ट पीडीएफमध्ये येतो. छापील हवा असेल तर आधीच सांगा, मागाहून मागितला तर कुरियरचे वेगळे लावतात.